मदत हवी आहे: ठिबकची सबमेन दर हंगामात सुटी करता येईल असे जोड

नमस्कार मंडळी. कांद्यासाठी ठिबक करतोय. मेन लाइन गाडलेली आहे, तिचा प्रश्न नाही. सबमेन (मेनचं पाणी ठिबकच्या नळ्यांना देणारी लाइन) मात्र ६३ मिमी पीव्हीसीची आणि जमिनीवरूनच टाकायची आहे, कारण पीक निघालं की ट्रॅक्टरला रान मोकळं लागतं. सोल्युशनने चिकटवलेला जोड पुन्हा सुटत नाही. दरवेळी कापायचं, नवा कपलर टाकायचा, पाइप आखूड होत जातो तो वेगळाच.

दुकानदार कॉम्प्रेशन फिटिंग सुचवतोय. आतली रबरी ओ-रिंग पाणी अडवते, दातेरी रिंग पाइपला पकडते, वरून नट आवळायचा. सोडवताना नट सैल केला की झालं. एल्बो, टी, एंड कॅप सगळं याच पद्धतीचं मिळतं, म्हणजे पुढच्या हंगामात मांडणीही बदलता येईल. हे मला फार आवडलं. पण हे फिटिंग मुळात काळ्या एचडीपीई पाइपचं. पीव्हीसीचाही बाहेरचा व्यास ६३ मिमीच, त्यामुळे बसेल. पण कडक पीव्हीसीत दाते रुततील का? की दाब आल्यावर पाइप निसटेल? आमच्याकडे दाब दीड-दोन किलोच्या वर जात नाही.

पीव्हीसी युनियनचा (नट फिरवून उघडणाऱ्या जोडाचा) पर्याय आहे, पण प्रत्येक जोडाला तो महाग पडतो. शिवाय उघड्यावर पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होते. मग सरळ एचडीपीईच घ्यावं का?

ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सांगा: आत माती गेल्यावर नट हाताने उघडतो का, ओ-रिंग किती हंगाम टिकते आणि ती सुटी मिळते का?