हृदयपेशी संगणकात धडधडतात, मग गिनीपिग कशाला?

मांजलपूरकर (धागाकर्ता)

मुलगी इथेच बडोद्यात एम.फार्म. करतेय. प्रोजेक्ट असा, की गिनीपिग, ससा आणि माणूस या तिघांच्या हृदयपेशींची संगणकी मॉडेलं घ्यायची, तिन्हींना एकच औषध 'द्यायचं' आणि ठोका किती लांबतो ते ताडून बघायचं. प्राणी एकही नाही. फार्मा कंपनीतून निवृत्त झालेले आमचे एक नातलग ऐकून म्हणाले, "हा व्हिडिओ गेम झाला."

मला तर उलटं वाटतं. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, आपलं सत्तर-ऐंशी. ठोक्यानंतर आपली पेशी पूर्वपदावर येते ती बऱ्याच अंशी हर्ग नावाच्या पोटॅशियम वाहिनीच्या (पेशीच्या पडद्यातलं पोटॅशियम बाहेर सोडणारं दारच म्हणा) जिवावर. प्रौढ उंदरात तिचं काम नावापुरतंच, तिथे दुसऱ्याच वाहिन्या. म्हणजे हर्ग बंद पाडणारं औषध उंदराला सोसतं नि माणसाच्या जिवावर उठतं. मग आधी माणसाचं मॉडेल चालवा ना! मॉडेल म्हणजे वाहिन्यांची समीकरणंच. १९६० साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेनिस नोबलनी लंडन विद्यापीठाच्या संगणकावर रात्री दोन ते चारची वेळ मागून घेऊन पहिलं चालवलं. तेव्हा कोणी गेम म्हटलं नव्हतं.

जुना कलाभवनी

तुमचे नातलग अगदीच चूक नाहीत.

आम्ही प्रॅक्टिकल करायचो तेव्हा आधी ड्रमवरच्या कागदावर काजळी धरायची, मग बेडकाचं हृदय कॅन्युलावर (बारीक नळीवर) चढवून रिंगर, म्हणजे क्षारांचं पाणी, सोडायचं आणि टोकाला आकडा अडकवून तरफ जोडायची. अ‍ॅड्रेनालिनचा थेंब पडला की सुई ताडकन उंच रेघा मारायची. रेघा हव्या तशा आल्या नाहीत तर कारण शोधावं लागे. रिंगर शिळं, आकडा सैल, नाहीतर बेडूकच थकलेला. मॉडेलमध्ये बेडूक थकत नाही, हीच माझी तक्रार.

दुसरं, टर्फेनाडिन आठवा. सर्दीची गोळी, अमेरिकेत १९९८ला बाजारातून गेली. ती हर्ग अडवत होती हे खरं, पण एरवी यकृत तिचा लगेच फडशा पाडायचं. सोबत केटोकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) किंवा एरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) दिलं की यकृतातलं ते एन्झाइम अडायचं, रक्तात गोळी साचायची आणि ठोका बिघडायचा. तुमच्या मॉडेलमधल्या हृदयपेशीला यकृत कुठाय?

कामाठीबाग

+१ काका. 'बेडूक थकत नाही' आवडलं.

समीकरणवाला

काका, यकृत नाही हे मान्य. पण म्हणूनच मॉडेलमध्ये औषधाची मात्रा नेहमीच्या पातळीच्या कितीतरी पट चढवून बघतात. साचलं तर काय, याचं उत्तर तिथे मिळतं. साचेल का, हे सांगणं त्या मॉडेलचं काम नव्हेच.

व्हेरापामिल हे रक्तदाबाचं औषध घ्या. हर्ग तेही अडवतं. नुसत्या हर्ग चाचणीवर गेलं तर कचऱ्याच्या डब्यात. पण ते कॅल्शियमची वाहिनीही अडवतं, दोन्ही परिणाम एकमेकांना सावरतात, आणि रोगी वर्षानुवर्षं ते घेतात. ही बेरीज-वजाबाकी मॉडेलला जमते. २०१७ साली ऑक्सफर्डच्या गटाने ६२ औषधांवर माणसाच्या पेशींची मॉडेलं चालवली. ठोका बिघडवणारी कुठली नि निर्धोक कुठली, हे ८९ टक्के वेळा बरोबर आलं. सशांवरच्या प्रयोगांचा आकडा ७५ होता.

जुना कलाभवनी

ती ६२ औषधं जुनी, ओळखीची. निकाल आधीच ठाऊक असलेली. नव्या रेणूवर बोला.

शिवाय सुटी पेशी म्हणजे हृदय नव्हे. नवरात्रात एखाद्याची टाळी चुकते, पण गरब्याच्या वर्तुळात शेजारचे त्याला ओढून तालावर आणतात. पेशींचंही तसंच. कनेक्सिन नावाच्या प्रथिनांच्या जोडण्यांमधून शेजाऱ्यांचा विद्युतप्रवाह आला की एकटीने घातलेला गोंधळ बुजून जातो. आणि शेजारी वेगळ्या जातीचे असले तर? २०१२ला मूलपेशींपासून केलेल्या मानवी हृदयपेशी गिनीपिगच्या जखमी हृदयात रुजवल्या. त्या यजमानाच्या ठोक्याला जुळल्या, अनियमित ठोके कमीच झाले. सगळे खूश. २०१४ला माकडात तेच केलं, तर ठोका बिघडायला लागला. माकड नसतं तर कळलं असतं?

मांजलपूरकर

काका, हे माझ्याच बाजूचं झालं की! गिनीपिगवर विसंबून खूश झाले आणि तोंडघशी पडले.

रावपुऱ्याची सून

मी आयसीयूत नर्स आहे. ज्यांचा ठोका बिघडतो त्यांत बायका जास्त, वय झालेलं, लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलेलं, वर दोन-तीन औषधं चालू. गिनीपिग तरुण आणि धडधाकट. तुमची मॉडेलमधली पेशीही तशीच ना? दोघांपैकी एकही आमच्या वॉर्डात येत नाही.

समीकरणवाला

ताई, बरोबर धरलंत. म्हणून आता एकच पेशी न घेता आकडे थोडे-थोडे बदलून शेकडो 'माणसं' तयार करतात. पोटॅशियम उतरवूनही चालवता येतं. मात्र आकड्यांची वंशावळ बघितली की माझीही पंचाईत होते. माणसाच्या कित्येक मॉडेलांत गिनीपिगचे, सशाचे आकडे वारशाने आलेत, काही तर वेगळ्या तापमानाला मोजलेले. २०११चं ओ'हारा-रूडी मॉडेल त्यातल्या त्यात बरं. ते प्रत्यारोपणाला न वापरल्या गेलेल्या, शंभराहून जास्त निरोगी मानवी हृदयांवरच्या मोजमापांवर बेतलंय.

मांजलपूरकर

आणि २०२३च्या दुरुस्तीने आपल्याकडच्या नव्या औषधांच्या नियमांत संगणकी मॉडेलिंग आलंय, पेशींवरच्या चाचण्यांसोबत. सरकारलाही गेम वाटत नाही म्हणायचं.

जुना कलाभवनी

नियमात 'चालेल' म्हटलंय, 'पुरेल' नाही. असो. मुलीला एक काम सांगा. तिन्ही मॉडेलांतल्या पोटॅशियम वाहिन्यांचे आकडे कुठल्या प्राण्याचे आणि किती अंश तापमानाला मोजलेले, याचा तक्ता करून इथे टाकायला लावा. तो बघून मी माझा मुद्दा मागे घेईन किंवा आणखी भांडेन.

मांजलपूरकर

विचारलं. म्हणते माणसाचं ओ'हारा-रूडी, गिनीपिगचं लुओ-रूडी, सशाचं २००४चं शॅनन. पहिल्याचा तक्ता तयार आहे, सशाच्या रकान्यात अडकलीय.