निसर्गचित्र जागेवर बसूनच काढावे का?

माळरान:
‘फोटोवरून रंगवलेले निसर्गचित्र ही नक्कल आहे, चित्रकाराने जागेवरच बसले पाहिजे’, असे जलरंगी यांनी येथे ठामपणे लिहिले, म्हणून हे उत्तर. मे महिन्यात सकाळी 9 वाजता मी सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी जलरंगांत चित्र काढत बसलो होतो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, उजव्या कडेला पोहोचेपर्यंत डावी कड वाळत होती आणि ढगासाठी रंग सोडला की मऊ कडेऐवजी कडक रेघ उमटत होती. तेच आकाश घरी, फोटो समोर ठेवून, जमले.

जलरंगी:
तुमची तयारी कमी पडली. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, सुती कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाका आणि उजाडतानाच बसा. चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाकाठी राहून तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले, ते उगाच नव्हे. फोटोत आकाश नीट आले की देवळाची सावली काळी पडते. डोळ्याला त्याच सावलीत आकाशाचा निळा दिसतो. फोटो पाहणारा मग ट्यूबमधला काळा उचलतो आणि चित्राला जणू भोक पडते.

जोंधळा:
काळ्याविषयी हे ऐकून घेणार नाही. शाळेत काळा वापरला म्हणून माझे चित्र वर्गासमोर फाडले गेले आणि पुढे कित्येक वर्षे मी त्या ट्यूबला हात लावला नाही. पिवळ्यात किंचित काळा मिसळल्यावर येणारा मळकट हिरवा आपल्या बाभळीला जसा शोभतो, तसा कोणताही तयार हिरवा शोभत नाही.

जलरंगी:
चित्र फाडणे अक्षम्यच आहे. तरीही काळी माती काळ्याने रंगवू नये; अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणात तिचा ओलावा येतो.

जोंधळा:
मंगळवेढ्याच्या रानात माझे बालपण गेले आहे. पाऊस पडून गेल्यावर ती माती कशी दिसते, हे मला ट्यूबांच्या नावांवरून शिकवू नका!

जलरंगी:
बाभळीचा हिरवा करून पाहिला. तो जुळतो, एवढे मान्य करतो. मातीबाबत माझे मत कायम आहे.

माळरान:
ग्लिसरीनने कड खरोखरच ओली राहिली, सावलीचेही पटले. मात्र माझ्या आईला गुडघ्यांमुळे घराबाहेर पडता येत नाही. हिप्परग्याचा तलाव ती मी काढलेल्या फोटोवरून आणि लहानपणीच्या आठवणीवरून रंगवते. त्या चित्राला नक्कल म्हणणारे वाक्य तुम्ही मागे घ्यावे.