स्पॅनिश 'याबे': किल्ली, नळ की पाना?

ऐरोली_ए२
'याबे' (दोन एल, ए, व्ही, ई) म्हणजे किल्ली, एवढंच पाठ होतं. मेक्सिकोच्या एका संवादात मुलगा दात घासतोय आणि आई म्हणते, 'सिएर्रा ला याबे'. किल्ली बंद कर? स्पेनच्या दुसऱ्या धड्यात प्लंबर 'याबे इंग्लेसा' मागतो. शब्द एकच आहे का? उच्चार आणि लिंगही सांगा.

घोडबंदर_रोड
एकच. स्त्रीलिंगी: ला याबे, अनेकवचनी लास याबेस. उच्चारात ब पक्का नको, ओठ जेमतेम जवळ आणायचे, ब आणि व यांच्या मधला.

फिरवून उघडायची-मिटायची वस्तू म्हणून किल्ली, नळ, पाना तिन्ही त्यात आले. आपल्याकडे पाणी सोडणारा तो चावीवालाच, पण त्याच्या हातातली चावी कुलपाची नसते.

आई नळ बंद करायला सांगतेय. सगळं 'कोन'वर (म्हणजे '-ने') आहे. 'सेर्रार ला याबे' म्हणजे नळ बंद करणं, 'सेर्रार कोन याबे' म्हणजे कुलूप लावणं. 'सिएर्रा ला पुएर्ता कोन याबे': दाराला कुलूप लाव. इथे 'कोन'नंतर 'ला' घालू नका. 'एचार ला याबे'लाही फसू नका. एचार म्हणजे टाकणं, तरी अर्थ कुलूप लावणं असाच, किल्ली फेकणं नव्हे.

नेरूळ_पश्चिम
देश बघून शब्द निवडा. नळाला मेक्सिको, कोलंबिया, चिलीत याबे, पण स्पेनमध्ये ग्रीफो आणि पेरूत कान्यो. अर्जेंटिनात नळ म्हणजे कानिशा, 'याबे दे लुस' म्हणजे दिव्याचं बटण, आणि याबेचा उच्चारही तिथे 'शाबे'. घरातल्या पाण्याचा मेन व्हॉल्व्ह म्हणजे याबे दे पासो.

याबे इंग्लेसा म्हणजे आपला स्क्रू पाना, जबडा कमी-जास्त होणारा. मेक्सिकोत त्याला पेरिको म्हणतात, म्हणजे पोपट!

मराठी 'चावी' जशीच्या तशी उचलली की घोळ होतो. घड्याळाला चावी देणं 'दार कुएर्दा', तिथे याबे नाहीच. कीबोर्डवरची की तेक्ला. यशाची गुरुकिल्ली म्हणायची तर क्लाबे. कुलूप दारात बसवलेलं असेल तर सेर्रादुरा, लोंबतं असेल तर कान्दादो.

कोपरी_ठाणे
क्लाबे आणि याबे सख्ख्या बहिणी, लॅटिन 'क्लाविस'च्या. लोकांच्या तोंडी घासून क्लची य झाली ती याबे, ग्रंथातून पुन्हा उचलला तो क्लाबे. तोच क्ल पोर्तुगीजमध्ये च झाला. आपली 'चावी' तिथूनच आली. ठाण्याचा किल्ला १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. आजचे पोर्तुगीज तो च 'श' म्हणतात, मराठीने जुना च सांभाळलाय. म्हणून याबे परकी समजून घोकू नका, चावीचीच मावसबहीण आहे.

ऐरोली_ए२
मग 'मेन व्हॉल्व्ह बंद कर आणि दाराला कुलूप लाव' म्हणजे 'सिएर्रा ला याबे दे पासो इ सिएर्रा ला पुएर्ता कोन याबे'?

घोडबंदर_रोड
बरोबर. दोनदा सिएर्रा नको वाटलं तर दुसरा भाग 'इ एचा ला याबे' करा. व्हॉल्व्हचा विषय आधी येऊन गेलाय, म्हणून 'आ ला पुएर्ता' जोडलंत तर ऐकणारा गोंधळणार नाही.