ओल्या कचऱ्यातील सुई: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-६०४, सकाळी ८.१२
सर्वांना नमस्कार. आज सकाळी ओट्यावर कचरा वेगळा करताना ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या मावशींच्या अंगठ्यापाशी सुई टोचली, हातमोजा होता, तरी तो भेदून गेली. मी साबण लावून वाहत्या पाण्याखाली त्यांचा हात धुतला आणि सुनेसोबत त्यांना रिक्षाने ससून रुग्णालयात पाठवले आहे. सुई कोणी वापरलेली होती हे कळायला मार्ग नाही, त्यामुळे एचआयव्हीप्रतिबंधक औषध द्यायचे की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील. पण द्यायचे ठरले तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि पुढे २८ दिवस घ्यावे लागते. फेब्रुवारीतही असाच प्रकार झाला, तेव्हा सुया कचऱ्यात टाकू नका, अशी मी याच ग्रुपवर हात जोडून विनंती केली होती.

अ-२०२, ८.२०
तळमजल्यावरच्या दवाखान्याने याचे उत्तर द्यावे. जिन्याखाली शुक्रवारपासून त्यांच्या कचऱ्याची पिवळी पिशवी पडून आहे, हे मी फोटोसह कळवले होते. कोणीही दखल घेतली नाही.

सचिव, ८.३४
काका, दखल घेतली होती. डॉक्टरांशी मी शनिवारीच बोललो आणि तो कचरा नेणारी गाडी आली नाही असे त्यांनी सांगितले. मावशींच्या उपचारांचा आणि बुडणाऱ्या रोजंदारीचा खर्च सोसायटीने द्यावा, असा माझा प्रस्ताव आहे.

ड-४०३, ८.३९
मंडळी, सुईएवढ्या गोष्टीचा सकाळी सकाळी एवढा फाळ कशाला करायचा?

ब-६०४, ८.४१
दादा, तुमच्या हाताला टोचली असती तर हे वाक्य लिहिले असते का? मी एकतीस वर्षे रुग्णालयाच्या वॉर्डात काढली आहेत. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस तग धरतो. तेव्हा सुई कोरडी दिसते, म्हणून ती निर्धोक होत नाही.

ड-४०३, ८.५०
ताई, शब्द मागे घेतो. मनापासून माफी मागतो.

अ-२०२, ८.५२
मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे. दवाखान्याने उत्तर द्यावे.

ब-६०४, ९.०५
काका, पिवळ्या पिशवीबद्दल तुमची तक्रार रास्तच आहे. रक्ताने माखलेला कापूस आणि पट्ट्या प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत, असे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ सांगतात; शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत पिशवी जिन्याखाली राहणे ही चूकच आहे, गाडी येवो न येवो. पण सुया पिवळ्या पिशवीत जात नाहीत. त्यांच्यासाठी टोक बाहेर येणार नाही असा पांढरा डबा असतो. शिवाय ही सुई मी चिमट्याने उचलून बाटलीत ठेवली आहे: नखाएवढी, हिरव्या प्लास्टिकच्या बुडात बसवलेली, चहाच्या चोथ्याने माखलेली. ही इन्सुलिनच्या पेनाची सुई आहे. ती दवाखान्यातून आलेली नाही, आपल्यापैकी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या डब्यातून आली आहे.

क-१०१, ९.१८
इथे एक विचारते, कारण मला कोणी कधी नीट सांगितलेच नाही. सासऱ्यांचे पोटातले डायलिसिस घरीच चालते आणि रोज चार पिशव्या आणि त्यांच्या नळ्या निघतात. पाणी आम्ही संडासात ओततो, पण रिकाम्या पिशव्या आणि नळ्या आजवर सुक्या कचऱ्यात जात होत्या.

ब-६०४, ९.३१
वहिनी, तुम्ही विचारलेत हे फार बरे केले. घरच्या उपचारांतून निघणारा कचराही याच नियमांप्रमाणे वेगळा करून, वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायचा असतो. तो पुढे प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था महापालिकेने करायची असते. सॅनिटरी पॅड आणि डायपर आपण कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून देतो, कारण ठिपका दिसला की मावशी पुडी उघडत नाहीत. नळ्यांच्या पिशवीवरही मोठ्या अक्षरांत लिहा आणि मावशींच्या हातात द्या.

ड-४०३, ९.४०
प्लास्टिकच्या सिरिंज सुई काढून, धुऊन भंगारवाल्याला दिल्या तर चालतील का? प्लास्टिक वाया जात नाही.

ब-६०४, ९.४७
कृपा करून असे कधीही करू नका. २००९ साली गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात कावीळ ब ची साथ आली आणि अनेक माणसे दगावली. त्यामागे वापरलेल्या सिरिंजचा पुनर्वापर असल्याचे समोर आले. रुग्णालयातले असे प्लास्टिक आधी वाफेने निर्जंतुक करतात, मग त्याचे तुकडे करतात आणि त्यानंतरच ते पुन्हा वापरात जाते. घरच्या नळाखाली धुऊन ते काम होत नाही.

अ-२०२, ९.५५
ठीक आहे, सुई घरातली असेल. पण गणपतीतल्या रक्तदान शिबिरानंतर क्लबहाउसमागे कापसाची पिशवी दोन दिवस पडून होती. त्याचे उत्तर कोण देणार? आणि दवाखान्यानेही उत्तर द्यावे.

सचिव, १०.०३
शिबिराचा दोष माझा आहे. सगळे साहित्य परत नेण्याचे ठरले होते, पण गाडी निघताना मी जागा फिरून पाहिली नाही. शिबिरांनाही हेच नियम लागू आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हते. दवाखान्याला आज लेखी पत्र देतो आणि त्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी व कचरा उचलल्याच्या नोंदी दाखवण्याची मागणी करतो.

अ-५०३, १०.२६
मी सकाळपासून वाचतो आहे. गेली नऊ वर्षे मी इन्सुलिनचे पेन वापरतो आणि माझ्या सुया हिरव्या बुडाच्याच असतात. घरी त्या पत्र्याच्या डब्यात टाकतो, पण गेल्या आठवड्यात हात थरथरत होता, टोपण बसेना, तेव्हा एक-दोन चहाच्या चोथ्यासोबत गेल्या असतील. दुसऱ्या कोणावर संशय घेऊ नये.

ब-६०४, १०.३३
अण्णा, टोपण पुन्हा बसवण्याच्या नादात अनेकांना सुई टोचते, त्यामुळे तो प्रयत्न करूच नका. फिनेलची रिकामी, जाड, फिरकीच्या झाकणाची बाटली मी तुमच्याकडे आणून ठेवते. सुई पेनातून काढली की थेट तिच्यात टाका. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असे लिहू.

सचिव, १०.४०
अशा बाटल्या ज्यांना हव्या असतील त्यांनी फक्त मला खासगीत कळवावे. आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही. भरलेल्या बाटल्या प्रक्रिया केंद्राच्या गाडीपर्यंत कशा पोहोचवायच्या हे महापालिकेच्या आरोग्य कोठीत विचारून सांगतो.

अ-२०२, १०.४४
पत्राची प्रत ग्रुपवर टाकावी.

ब-६०४, दुपारी २.१५
मावशी परतल्या. औषध आजच सुरू केले आहे आणि कावीळ ब च्या लशीचा पहिला डोसही दिला. दुसरा एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी आहे. त्या दोन दिवस येणार नाहीत.

अ-५०३, २.२१
मला त्यांच्या घरचा पत्ता हवा आहे. संध्याकाळी मी स्वतः जाऊन भेटतो.