मदत हवी आहे: कमी चाललेल्या जुन्या बॉक्सस्टरचे कूलंट आणि गिअर ऑइल कधी बदलावे?

माझ्याकडे लातूरला 2007 ची पोर्शे बॉक्सस्टर (2.7 लिटर, मॅन्युअल) असून ती आजवर केवळ 28,400 किलोमीटर चालली आहे, उन्हाळ्यात तर ती दोन-दोन महिने शेडमध्येच उभी असते. इंजिन ऑइल व फिल्टर मी दरवर्षी बदलतो आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते म्हणून तेही दर दोन वर्षांनी बदलतो, त्यामुळे त्यांविषयी शंका नाही. प्रश्न कूलंट आणि गिअर ऑइलचा आहे, कारण आधीच्या मालकाच्या कागदपत्रांत त्यांची नोंदच नाही. कूलंटच्या टाकीचे झाकण उघडून टॉर्चने पाहिले. रंग स्वच्छ आहे, गाळ नाही, पण नुसत्या रंगावर भरवसा ठेवणे मला पटत नाही. गिअर थंड असतानाही अडखळत नाहीत आणि खाली फरशीवर थेंबही दिसत नाही.

अडचण अशी की, इंजिन सीटमागे आणि रेडिएटर पुढे असल्याने कूलंट भरताना हवा अडकू नये म्हणून व्हॅक्यूमचे साधन लागते. ते येथे मिळाले नाही, म्हणजे गाडी पुण्याला न्यावी लागणार. तेव्हा एवढ्या कमी किलोमीटरला केवळ वयाकडे पाहून एकाच फेरीत दोन्ही बदलून घ्यावीत, की गिअर ऑइल तसेच ठेवून फक्त कूलंट बदलावे?