पूर्वीचे फलंदाज खरंच स्वतःहून निघून जायचे का?

सायली_नॉनस्ट्रायकर
घरात वाद पेटलाय म्हणून विचारते. सासरे म्हणतात, त्यांच्या वेळी बॅटची कड लागली की फलंदाज पंचाकडे बघतही नसे, बॅट काखेत मारून चालू लागायचा. पंचाचा शब्द शेवटचा, त्यावर कुणी ब्र काढत नसे. नवरा म्हणतो, काळ जाईल तशा आठवणी गोड होत जातात, बाकी काही नाही. टीव्ही यायच्या आधीचं क्रिकेट पाहिलेलं कुणी आहे का इथे? ऐकीव किस्से नकोत, स्वतः अनुभवलेलं सांगा.

फाइनलेग
सासऱ्यांच्या बाजूने विश्वनाथ. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडचे ५ बाद ५८ झाले, मग आलेल्या बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलेलं. आपल्या कर्णधाराने, म्हणजे विश्वनाथने, चेंडू बॅटला लागलाच नाही म्हणून त्याला परत बोलावलं. पुढे टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागी केली आणि आपण १० विकेटनी हरलो. आज असं कोण करेल?

आरामखुर्ची
सायलीताई, मी निवृत्त जिल्हा न्यायाधीश आहे. वय ८७. क्रिकेटचं वेड पुण्यात लागलं ते अजून उतरलेलं नाही. तुमचे सासरे आणि यजमान दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत. जरा सविस्तर लिहितो.

माझ्या आठवणी सुरू होतात १९४८-४९ च्या हंगामापासून. डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी सामना. वडिलांनी दुसऱ्या दिवशी मला नेलं होतं. भाऊसाहेब निंबाळकर खेळत होते. मैदानाच्या कडेला बसून मी त्यांचे फक्त पाय बघत होतो, कारण वडिलांनी सांगितलं होतं, ‘हातांकडे सगळेच बघतात, तू पाय बघ.’ पुढचा पाय चेंडूच्या टप्प्यापर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा, कुठे घाई म्हणून नाही. भांडारकरांबरोबर त्यांची ४५५ ची भागी झाली. तिसऱ्या दिवशी उपाहाराला निंबाळकर नाबाद ४४३, समोर ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम. उपाहारानंतर काठियावाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. सामना सोडून दिला.

दोनच महिन्यांनी मुंबईत ब्रेबर्नवर वेस्ट इंडिजविरुद्ध शेवटची कसोटी. आम्हाला ३६१ हवे होते. वाड्यात एकच रेडिओ, समालोचन इंग्रजी, आम्हा पोरांना कळायचे ते आकडे आणि नावं. हजारे १२२ करून गेले, फडकर लढत होते. ८ बाद ३५५. सहा धावा हव्या, आणि वेळ पुरती संपायच्या आत पंचांनी यष्टीवरच्या बेल्स काढल्या, म्हणजे खेळ संपला. सामना अनिर्णित. शब्द शेवटचा म्हणतात ना, तो असा.

एकाच हिवाळ्यात दोनदा खेळ अर्धवट थांबलेला मी अनुभवला, आणि दोन्ही वेळा कुणी नियम मोडला असं म्हणता येत नव्हतं. सामना सोडून द्यायची मुभा संघाला होती. बेल्स काढायचा अधिकार पंचांचा होता. तरी दहा वर्षांच्या मुलालाही कळत होतं की हा न्याय नव्हे. पुढे न्यायासनावर बसलो तेव्हा हे दोन सामने माझ्याबरोबर होते. पक्षकाराचा शेवटचा साक्षीदार राहिलाय आणि घड्याळात पाच वाजायला आलेत, अशी वेळ पुष्कळदा यायची. मी पुरावा बंद केला नाही. कर्मचारी कुरकुरत, मी बसून राही. क्रिकेटने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, असं मी मनापासून मानतो.

आता तुमचा प्रश्न, स्वतःहून निघून जाण्याचा. मी स्वतः गेलो आहे, आणि का गेलो ते सांगतो. मराठवाड्यात एका तालुक्याला दिवाणी न्यायाधीश म्हणून होतो. वकिलांशी ऊठबस ठेवायची नाही हा आमचा दंडक, त्यामुळे त्यांच्या संघातून खेळणं शक्यच नव्हतं. कोर्टातले कर्मचारी आणि तहसील कचेरी यांचा रविवारी सामना व्हायचा. काथ्याची मॅट खिळ्यांनी ठोकायची, एका बाजूचे खिळे नेहमी उखडायचे. एकदा चेंडू माझ्या हातमोज्याला घासून यष्टिरक्षकाकडे गेला. आवाज सगळ्यांना आला. पंच होता आमच्याच कोर्टाचा बेलिफ. अपील झालं, तो माझ्या तोंडाकडे बघत उभा. बोट वर जाईना. सोमवारी सकाळी त्याला माझ्यासमोर समन्सचे अहवाल घेऊन यायचं होतं. मी चालू लागलो. बाकी गत्यंतरच नव्हतं.

त्यानंतर मी अट घातली, पंच दोन्ही कचेऱ्यांच्या बाहेरचा हवा. शाळेतले पीटीचे मास्तर आले. त्यांनी मला पहिल्याच षटकात पायचीत दिलं, सरळ, क्षणभरही न थांबता. इतका आनंद मला अर्धशतक काढून झाला नसता!

तेव्हा ताई, पूर्वी लोक निघून जात, हे खरं. काही सचोटीने जात. विश्वनाथ त्याच जातकुळीचे. पण पंचाचा शब्द मुकाट ऐकला जायचा तो आदरापोटी, हे अर्धंच खरं. दाद मागायला जागाच नव्हती. विझियानगरमच्या महाराजकुमारांनी कर्णधार म्हणून १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावरून लाला अमरनाथांना अर्ध्यातून घरी धाडलं. कुठे जाणार होते ते? कसोटीतही पंच यजमान देशाचेच असायचे. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिजच्या कसोटीत आपले रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर तिऱ्हाईत पंच म्हणून उभे राहिले, तेव्हा मला ते पीटीचे मास्तर आठवले.

लेगस्पिन
काका, लेखन फार आवडलं. पण मग डीआरएस, म्हणजे पंचाच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागणं, तुम्हाला पटतं? मला तर वाटतं त्याने पंचाची किंमतच गेली. आणि ते ‘अंपायर्स कॉल’! चेंडू स्टंपला लागतोय हे पडद्यावर दिसतंय, तरी नाबाद?

आरामखुर्ची
पटतं, आणि आपण २०१६ पर्यंत त्याबाबत हात आखडता घेतला याचं मला वाईट वाटायचं. माझे कितीतरी निकाल वरच्या कोर्टाने फिरवले. त्याने माझी खुर्ची लहान झाली नाही. ज्याच्यावर निकाल लागला त्याला आणखी एक दार उघडं असतं, म्हणून तर तो निकाल ऐकून शांतपणे घरी जातो.

‘अंपायर्स कॉल’ तर मला सर्वांत जवळचा वाटतो. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं असेल आणि पुराव्यावरून तसं मत होणं शक्य असेल, तर केवळ आपलं मत वेगळं पडतं म्हणून वरचं कोर्ट हात घालत नाही. साक्षीदाराला समोर बघितलेलं असतं खालच्यानेच. चेंडू यष्टीला जेमतेम घासणार असं यंत्राचं अनुमान असेल, तर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाचं मत राखायचं. हा नियम ज्याने केला त्याला न्यायाची जाण आहे.

सायली_नॉनस्ट्रायकर
काका, सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते विचारतायत, १९७१ ची इंग्लंडमधली ओव्हलची कसोटी कुठे ऐकलीत? आणि निंबाळकर पुढे भारताकडून का दिसत नाहीत?

आरामखुर्ची
ओव्हलचा शेवटचा दिवस नेमका गणेश चतुर्थीचा, त्यामुळे कोर्टाला सुट्टी. बदलीच्या गावी होतो, ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला की खरखर कमी व्हायची, म्हणून सगळे खिडकीशी. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं. १७३ हवे होते. गावसकर आदल्याच दिवशी शून्यावर पायचीत झालेला, वाडेकर ४५ वर धावबाद, आणि मोदकांकडे कुणी फिरकेना. आबिद अलीने विजयाचा चौकार मारला तेव्हा शेजारचे पोस्टमास्तर आमच्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले, त्यांना बोलता येईना. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन हा वेगळाच विषय आहे, त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येतो. माझ्या आईला क्रिकेट कळू लागलं ते त्यांच्यामुळे.

निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. का, याचा निवाडा मी करणार नाही, त्यासाठी लागणारा पुरावा माझ्यासमोर नाही. पण भारताच्या भूमीवर प्रथम श्रेणीत चारशेच्या वर गेलेला फलंदाज अजून तेच एक, आणि त्या डावातले पाय मी बघितलेत. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ते पुण्याचे असतील तर विचारा, त्या सामन्याला होते का?