शेजारचे छोटे शहर महानगर क्षेत्रात केव्हा धरतात?

प्रश्न: मोठ्या शहरालगतचे छोटे शहर कधी त्याच्याच महानगर क्षेत्रात मोजले जाते, तर कधी स्वतंत्र ठेवले जाते. ही सीमा नेमकी कशावरून ठरते?

उत्तर १: अमेरिकेत मुख्य निकष कामासाठी ये-जा करण्याचा आहे. किमान ५०,००० लोकवस्तीच्या नागरी गाभ्याभोवती अख्ख्या काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग) जोडल्या जातात. एखाद्या बाहेरच्या काउंटीतील किमान २५ टक्के कामकरी मध्यवर्ती काउंट्यांत कामाला जात असतील, किंवा तिथल्या नोकऱ्यांपैकी तेवढ्या नोकऱ्या मध्यवर्ती काउंट्यांतील रहिवाशांकडे असतील, तर ती काउंटी आत येते. सॅन होजे सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ असूनही स्वतंत्र आहे, कारण तिथे स्वतःचा भक्कम रोजगार आहे. अधिक व्यापक अशा संयुक्त क्षेत्रात मात्र दोन्ही शहरे एकत्र येतात.

उत्तर २: काउंटी हे एकक मला फारच ढोबळ वाटते. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो काउंटी अख्खी धरल्यामुळे तिथले महानगर क्षेत्र कागदोपत्री वाळवंट ओलांडून शेजारच्या नेवाडा राज्याच्या हद्दीला भिडते! त्यापेक्षा युरोपीय संघ आणि ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) यांची पद्धत मला पटते, कारण ती एक चौरस किलोमीटरच्या चौकटींतील लोकसंख्येच्या घनतेवरून गाभा ठरवते आणि मग किमान १५ टक्के कामकरी तिकडे जाणारे परिसर त्याला जोडते.

प्रश्नकर्ता: म्हणजे अंतरापेक्षा रोजगाराची दिशा निर्णायक ठरते. आभारी आहे.